कॉयरमध्ये नव्याने गाताय? या चुका टाळा, घरच्या कुत्र्यामांजरांसकट

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आमचा कुत्रा मोती मान वर करून ऊं... लावतो. संध्याकाळी मी आल्टोचा, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाचा, लांब सूर धरला की तेच. पोदेर आणि मी, त्याच्या लेखी दोघंही एकाच धंद्यातले.

फोंड्याजवळच्या गावात भजनं-आरत्या म्हणत वाढलेली मी चाळिशीत पणजीच्या एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे पाश्चात्य पद्धतीने एकत्र गाणाऱ्या मंडळात, शिरले. गाणं येतं असा माझा समज होता. पहिल्या चार महिन्यांत शक्य तितक्या चुका करून झाल्या. काही गळ्याच्या, काही कानाच्या, आणि एकदोन तर घरातल्या मुक्या जनावरांच्या जिवावर बेतण्यासारख्या. हल्ली भजनी मंडळांतून, नाट्यगीतांतून आलेली बरीच मंडळी आमच्यात येतात आणि नेमकी त्याच खड्ड्यांत पाय घालतात, म्हणून हे लिहून ठेवते.

"माझी पट्टी काळी चार"

पहिल्याच दिवशी कॉयर चालवणाऱ्या कंडक्टरने विचारलं, आवाज कुठला? मी अभिमानाने म्हटलं, काळी चार. पियानोवाल्याने बिचाऱ्याने ती काळी पट्टी दाबून दाखवली आणि पुढे काय, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. कॉयरमध्ये कुणालाच स्वतःची पट्टी नसते. गाण्याची पट्टी कागदावर छापलेली असते. तुम्हाला विचारतात ते एवढंच, की गळा न ताणता खाली कुठपर्यंत जाता आणि वर कुठपर्यंत. पेटीवर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत आरामात जाता येत असेल, तर तुम्ही बहुधा आल्टो. आपल्याकडे काळी चार, काळी पाचवर गाणाऱ्या बहुतेक बायका इथेच बसतात.

तरीही सगळ्यांना सोप्रानोच, म्हणजे बायकांचा वरचा आवाजच, व्हायचं असतं, कारण चाल त्यांच्याकडे असते. आल्टोची ओळ सुरुवातीला फार रटाळ वाटते. दोन-तीन सुरांवर ठाण मांडून बसायचं, जशी म्हापशाच्या बाजारातली मासळीवाली एका भावावर अडून बसते तशी. पण मासळीवाली हलली की सगळा बाजार हलतो, हे एकदा आल्टो चुकल्यावर कळतं. वरच्या पट्टीत ओढूनताणून गायलात तर दोन महिन्यांत गळा बोलेनासा होईल, हा वेगळाच खर्च.

हरकत

भजनात बुवा ओळ म्हणतात, आपण मागून उचलतो. थोडं पुढेमागे झालं, कुणी मध्येच एक मुरकी टाकली, तर रंगतच वाढते. मी तीच सवय घेऊन गेले. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना नकळत मींड. शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "मध्ये काय करतेस गो?" मी म्हटलं, मींड. ती म्हणाली, "बरी आहे. पण आम्ही तीसजण ती एकदम कशी घेणार?"

याला उपाय एकच. ओळ आधी शब्दांशिवाय, 'नू नू' करत, प्रत्येक सूर सुटा सुटा तोडून म्हणायची. कानाला कोरडं लागतं. लागू दे. आठवडाभर तसं केल्यावर शब्द घाला. आणि रेकॉर्डिंग करून ऐका. आपण सरळ गातोय असं वाटत असताना आपण किती लोंबकळतो ते फोन निर्दयपणे सांगतो.

'ग' बसत नाही तेव्हा

ही तक्रार मला सर्वांत जवळची. वाद्याशिवाय गाताना आमच्या वाट्याला पुष्कळदा कॉर्डमधला, म्हणजे एकदम लागणाऱ्या सुरांमधला, गंधार येतो. घरी पियानोच्या ॲपवर घोकून गेले की तो तालमीत टोचायचा, जरा चढाच वाटायचा. मला वाटायचं, माझंच चुकतंय. मग एके रात्री तानपुऱ्याचं ॲप लावून बसले आणि उलगडा झाला.

जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप एक गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. पियानोचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो, सुमारे १४ सेंट. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरतात, म्हणजे फरक सातव्या हिश्श्याचा. वाद्याची साथ नसताना चांगला कॉयर आपसूक त्या स्वयंभू गंधाराकडे झुकतो. लहानपणापासून तानपुरा ऐकलेल्या माणसाच्या कानात तो आधीच असतो. तेव्हा घरी बासचा, म्हणजे पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजाचा, सूर तानपुऱ्यावर लावा, त्यावर आपला गंधार ठेवून पाहा. दोन्ही सूर एकमेकांत विरघळून खोलीत गुणगुण ऐकू आली की तो बसला. पियानोबरोबर गायचं असेल त्या दिवशी मात्र मुकाट पियानोचं ऐकायचं, तिथे तानपुऱ्याचं शहाणपण चालत नाही.

पूर्ण कॉयरच हळूहळू उतरत असेल तर कारण बहुधा उतरत्या ओळींत असतं. खाली येताना प्रत्येक पायरी आपण गरजेपेक्षा मोठी टाकतो. खाली येताना पावलं छोटी, वर जाताना मोठी, एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धं काम होतं. एकच सूर पुन्हा पुन्हा असेल तर तो दर वेळी नव्याने, वरून लावल्यासारखा लावा.

शब्द: इथे आपली बाजू भक्कम

लॅटिन म्हटलं की आपली माणसं इंग्रजी उच्चार करायला जातात आणि फसतात. चर्चच्या लॅटिनमधला 'त' हा आपला दातांचा त. 'एत इन तेर्रा पाक्स'. 'एट' नाही, 'टेर्रा' तर नाहीच. मराठी, कोंकणी जिभेला हे फुकटात मिळालेलं आहे. 'एक्सेल्सिस' मात्र तसं वाचू नका, ते 'एकशेल्सिस'. शेवटचा 'स' प्रत्येकाने आपापल्या सवडीने सोडला की सापांचं वारूळ फुटल्यासारखं ऐकू येतं. पेन्सिलीने नेमक्या मात्रेवर खूण करा आणि तिथेच सोडा. आमच्याकडे एका जाहीर कार्यक्रमात मी तो अख्खी एक मात्रा आधी सोडला होता. शांततेत, एकटीने.

पेन्सिलीवरून आठवलं: व्हॉट्सॲपवर आलेला आपल्या आवाजाचा ट्रॅक पाठ करून तालमीला जाणं ही नवख्यांची लाडकी चूक. ट्रॅकमध्ये आपला आवाज मोठा असतो, प्रत्यक्षात कानाशी टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, ओरडत असतो. आपली एन्ट्री कुणाच्या कुठल्या सुरावरून उचलायची, ते कागदावर गोल करून ठेवा. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, वाचता येत नाहीत म्हणून घाबरू नका, पण शिकायला लागा. पोर्तुगीज काळापासून इथल्या चर्चच्या शाळांतून सोल्फेज (सूर नावांनी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत आले, त्यामुळे गोव्यात शिकवणारी माणसं वाड्यावाड्यात सापडतात, आणि पणजीत कांपालला कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहेच.

मोती साथ करतो, त्याचं काय?

सुरुवातीला आम्ही हसायचो. पाहुणे आले की "मोती, गा रे" म्हणून मी मुद्दाम लांब सूर धरायची आणि वर बिस्किट द्यायची. हीच चूक. सूर लागला की बिस्किट, हे गणित कुत्र्याला दोन दिवसांत पाठ होतं. मग तालमीच्या अर्ध्या तासात तो पहिल्या सुरापासून हजर.

कुत्रं ओरडतं ते कानाला दुखतं म्हणूनच असं नाही. एका उंचीवर ताणलेला लांब आवाज त्याला कळपाची हाक वाटतो, म्हणून तो उत्तर देतो. लांडगे एकत्र ओरडताना एकच सूर धरत नाहीत, वेगवेगळ्या सुरांवर पसरतात म्हणे. म्हणजे मोतीही आपला स्वतंत्र पार्टच गातोय. पण शेपूट पायात घातलेली असेल, कान मागे, जीभ बाहेर काढून धापा टाकत तो पलंगाखाली शिरत असेल, तर ती साथ नव्हे, त्रास आहे. तिथे गाणं थांबवायचं किंवा त्याला दुसऱ्या खोलीत, पंखा लावून, ठेवायचं.

मी केलं ते असं. तालमीआधी त्याला लांब फिरवून आणायचं. मग बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, चघळायला काहीतरी देऊन सोडायचं. सुरुवात ओठांच्या 'ब्रर्र'ने आणि तुटक सुरांनी, लांब सूर शेवटी. ओरडला तर रागवायचं नाही, हसायचंही नाही, त्याच्याकडे बघायचंच नाही, सूर मात्र तिथल्या तिथे बंद. गप्प राहिला तर शाबासकी. तीन आठवडे लागले. अजूनही सोप्रानोचा उंच सूर आला की तो एकदा दाराशी येऊन बघून जातो. पोदेराचं मात्र आम्ही काही करू शकलो नाही.

पर्समधल्या गोळ्या आणि पातेल्यातली वाफ

हे दोन मुद्दे कृपा करून वाचाच.

गाणाऱ्यांच्या पर्समध्ये घशाच्या गोळ्या, बिनसाखरेचं च्युइंगम हमखास असतं. त्यात झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असू शकतो. माणसाला तो चालतो, कुत्र्याला विष. पोटात गेला की शरीर भराभर इन्सुलिन सोडतं, रक्तातली साखर कोसळते, जास्त गेला तर यकृतही जातं. लहान कुत्र्याला एकदोन तुकडेही भारी पडू शकतात. मोतीने एकदा तालमीहून आल्या आल्या माझी पर्स उघडली होती. उलटी करवायला मीठ-पाणी पाजण्याच्या भानगडीत पडू नका. वेष्टन हातात घ्या आणि तडक प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. त्यांचा पहिला प्रश्न वेष्टनाबद्दलच असतो. आमचा वेळेत पोचलो म्हणून वाचला. तेव्हापासून पर्स कपाटाच्या वर.

दुसरं, वाफ. घसा बसला की आपण पातेल्यात निलगिरीचं तेल टाकतो. घरात मांजर असेल तर टाकू नका. मांजराच्या यकृताला असली तेलं नीट पचवता येत नाहीत. उडालेला थेंब अंगावर पडतो, ती अंग चाटते आणि तो पोटात जातो. गाणाऱ्याला नुसत्या पाण्याची वाफही पुरते. पॅरासिटामोलची गोळी खाली पडली तर दिवा लावून शोधा, एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजराबरोबर राहून सकाळी घसा खवखवत असेल, तर दोष केसांना देऊ नका. त्रास होतो तो तिच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाचा. ॲलर्जीच्या गोळीने घसा कोरडा पडतो, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी ती पहिल्यांदाच घेऊन पाहू नका. आधी डॉक्टरांना विचारा. मांजराला झोपायच्या खोलीत न घेणं हा खरा उपाय. मला तो जमलेला नाही.

आणि पाण्याबद्दल: गाण्याच्या मध्ये घोट घेतल्याने स्वरतंतू ओले होत नाहीत, गिळलेलं पाणी त्यांना स्पर्शही करत नाही. दुपारपासून पीत राहा, तर रात्री फळ मिळेल.

चवथ, नरकासूर आणि डिसेंबर

आमचं वेळापत्रक आणि सणांचं वेळापत्रक यांचं जुनं वैर आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घुमट, शामेळ, कांसाळं या वाद्यांच्या कल्लोळात दीड दिवस आरत्या म्हटल्या की गळा गेलाच. घुमटाच्या वर आवाज काढायला जाऊ नका, तो तुमच्यापेक्षा मोठाच राहणार. गळा बसल्यावर कुजबुजणंही नको, त्याने तंतूंवर ताणच पडतो. गप्प बसा. तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा असेल तर काढा पुरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

मांडोला, म्हणजे गोव्यातल्या जुन्या कोंकणी गाण्याला, साथ म्हणून कुणी आजोबांचं जुनं घुमट आणलं, तर आधी चामडं बघा. पूर्वी ते घोरपडीचं असे. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. हल्ली बकरीच्या चामड्याचं मिळतं, तेच घ्या. त्याच कायद्याने आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. "पोपट घे, तो तुझा पार्ट पाठ करून दाखवेल" असा सल्ला मला दोघांनी दिलाय.

नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, तालीम ठेवू नका. गळ्यासाठी नव्हे, पहाटेपर्यंत गावभर डीजे आणि फटाके चालतात तेव्हा घरातल्या कुत्र्यापाशी कुणीतरी असावं लागतं म्हणून.

डिसेंबरातल्या कार्यक्रमाला सगळ्यांना काळे कपडे. मी माझी काळी साडी इस्त्री करून पलंगावर पसरून ठेवली आणि चहा प्यायला गेले. परत आले तेव्हा पांढरी मनी तिच्या बरोबर मधोमध वेटोळं घालून झोपली होती. स्टेजच्या पिवळ्या दिव्यात पदरावरचा प्रत्येक केस वेगळा चमकला. इस्त्री केलेला कपडा कपाटात टांगा, आणि फाइलमध्ये पेन्सिलीशेजारी सेलोटेपची एक रीळ ठेवा. विंगेत उभ्या उभ्या शेजारणीची पाठही पुसून होते.