जाळी धुण्याआधी जाळीत काय आहे ते बघा: सॅनिटरी स्ट्रेनरच्या नेहमीच्या चुका

रात्रपाळीत स्ट्रेनर, म्हणजे दूध-सिरपसारख्या मालाच्या पाइपलाइनमधली गाळणी, चोक होतो. ऑपरेटर क्लॅम्प सोडतो, जाळीची ट्यूब नळाखाली धरतो, पाच मिनिटांत जाळी लख्ख करून परत बसवतो आणि लाइन सुरू होते. काम चोख झालं असं सगळ्यांनाच वाटतं. मला मात्र एक गोष्ट खटकते. जाळीत नेमकं काय अडकलं होतं, ते कोणी पाहिलंच नाही. स्ट्रेनर कचरा अडवतो हे खरंच, पण लाइनमध्ये त्याच्या आधी कुठे काय बिघडलंय याची पहिली खबरही तोच देतो. ती खबर आपण पाण्याबरोबर गटारात सोडून देतो.

बसवतानाच होणारा घोळ

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे प्रवाहाची दिशा. अनेक सॅनिटरी स्ट्रेनरमध्ये आत भोकांची ट्यूब असते आणि तिच्यावर मोज्यासारखी चढवलेली बारीक जाळी. माल बाहेरून येतो, जाळीतून ट्यूबच्या आत शिरतो आणि पुढे जातो. त्यामुळे दाब जाळीला ट्यूबवर दाबून धरतो. स्ट्रेनर उलटा बसला की तोच दाब जाळीला आतून फुगवतो. आधी ती एका बाजूला पोट काढते, मग शिवणीतून किंवा टोकाच्या रिंगेतून उसवते. काही डिझाइनमध्ये जाळी आतल्या बाजूला असते आणि प्रवाह आतून बाहेर असतो, म्हणून ‘मागच्या वेळी असाच बसवला होता’ यावर भिस्त ठेवू नका. बॉडीवरचा बाण आणि ड्रॉइंग दोन्ही पाहा. बाण पुसट झाला असेल तर तो परत कोरून घ्या, मार्करने काढलेला पहिल्या सीआयपीत (लाइन न उघडता आतून द्रावण फिरवून करायच्या धुलाईत) जातो.

दुसरी चूक जागेची. पंपाच्या सक्शनला (माल ओढणाऱ्या बाजूला) बारीक जाळी लावायची आणि मग पंप खडखडतो म्हणून पंपवाल्याला बोलवायचं, हे फार ठिकाणी चालतं. जाळी जसजशी भरते तसतसा सक्शनचा दाब खाली जातो, माल पंपातच बुडबुडे सोडू लागतो आणि कॅव्हिटेशन सुरू होतं. सक्शनला ठेवायचीच असेल तर पंप वाचवण्यापुरती, मोठ्या भोकांची जाळी ठेवा. बारीक गाळण डिस्चार्जला (माल ढकलणाऱ्या बाजूला). पण पंप लोब किंवा स्क्रू प्रकारचा असेल तर जाळी चोक झाल्यावरही तो ढकलतच राहतो. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह किंवा प्रेशर स्विच नसेल तर आधी जाळी फाटते, नाहीतर जोडातलं रबरी गॅस्केट.

तिसरी चूक कागदावर कळत नाही. ट्यूब सरळ बाहेर ओढायला तिच्या लांबीइतकी मोकळी जागा लागते. पाइप मांडताना ती सोडली नाही की ऑपरेटर ट्यूब तिरकी करून काढतो आणि प्रत्येक वेळी जाळी कडेला घासते. जाळी नेहमी एकाच कोपऱ्यात फाटत असेल तर जाळीला दोष देण्याआधी समोरची भिंत किंवा पाइप बघा.

मेशच्या आकड्याचा गोंधळ तर कायमचा. मेश म्हणजे एका इंचात किती छिद्रं, म्हणून आकडा मोठा तितकी जाळी बारीक. ढोबळमानाने ४० मेश म्हणजे ४०० मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आसपासचं छिद्र, १०० मेश म्हणजे १५०, आणि २०० मेश म्हणजे ७५ मायक्रॉन. पण तार जाड असेल तर त्याच मेशचं छिद्र लहान होतं, म्हणून ऑर्डर देताना मायक्रॉन लिहा. ‘थोडी बारीक असली तर बरंच’ हा विचारही टाळा. जाळी फक्त ट्यूबच्या भोकांवरच काम करते, मधल्या पत्र्यावरची जाळी नुसती शोभेला असते. त्यामुळे खरं गाळणारं क्षेत्र दिसतं त्याहून बरंच कमी भरतं, आणि बारीक जाळी तेवढ्यावर लगेच चोक होते.

गॅस्केटबद्दल थोडक्यात. तेल-तूप, चरबी असलेल्या मालाला ईपीडीएम रबर चालत नाही, ते फुगतं. आणि क्लॅम्पचा नट पाना लावून पिळू नका. जास्त आवळलं की गॅस्केट पाइपच्या आत ओठासारखं बाहेर येतं, त्यामागे माल साचतो, आणि एक दिवस त्याचाच तुकडा पुढच्या जाळीत सापडतो.

एकच गेज, तेही स्ट्रेनरच्या आधी

नुसता आधीचा दाब पाहून जाळी किती भरली ते कळत नाही. स्ट्रेनरच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे सॅनिटरी गेज हवेत आणि पाहायचा तो दोन्हींतला फरक. जाळी स्वच्छ असताना, नेहमीच्या प्रवाहाला आणि नेहमीच्या तापमानाला हा फरक किती असतो, ते बोर्डावर लिहून ठेवा. थंड सिरप गरम सिरपपेक्षा घट्ट असतं, फरक आपोआप वाढतो. तेव्हा जाळी उघडून काही हाती लागत नाही.

सगळे वाढणाऱ्या फरकाला घाबरतात. मी अचानक कमी झालेल्या फरकाला घाबरतो. भरत आलेली जाळी आपोआप स्वच्छ होत नाही. ती फाटली तरी असेल, नाहीतर ट्यूबच्या टोकाची ओ-रिंग निसटून माल बगलेने जात असेल. ‘चला, मोकळी झाली’ म्हणून लाइन पुढे चालवली की नंतरचा सगळा माल संशयात.

उघडताना

इथे घाई म्हणजे हात भाजणं, कधी त्याहून वाईट. पंप बंद करून लॉक करा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, ड्रेन उघडा. गेज शून्य दाखवतंय म्हणजे दाब नाही असं समजू नका, गेजच्या तोंडाशी माल घट्ट बसलेला असू शकतो. नट सैल करा, पण क्लॅम्प लगेच काढू नका. फेरूल (क्लॅम्पखालची पाइपची कड) हलवून आधी दाब सुटू द्या, आणि समोर नव्हे तर बाजूला उभे राहा.

धुण्यातल्या चुका

दुधासारखा प्रथिनं असलेला माल असेल तर पहिलंच पाणी उकळतं मारू नका. प्रथिनं तारांवर शिजून चिकटतात आणि मग कितीही घासलं तरी निघत नाहीत. पहिली धुलाई कोमट पाण्याने, मग कॉस्टिक सोड्याचं द्रावण. पांढरट, खडबडीत थर राहिला तर तो बहुधा क्षारांचा. त्याला कॉस्टिक वाढवून काही होत नाही, ॲसिड लागतं. सोल्युशनची तीव्रता आणि तापमान केमिकलच्या पत्रकाप्रमाणे ठेवा, अंदाजपंचे नको. आणि क्लोरीनचं द्रावण ॲसिडच्या आसपासही येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो. नुसतं क्लोरीनही स्टीलवर तासन्तास ठेवलं तर बारीक खड्डे पडतात. खारट मालाच्या लाइनला ३०४ ऐवजी ३१६एल ग्रेडचं स्टेनलेस स्टील घेतात तेही क्लोराइडमुळेच.

भरलेली जाळी तशीच आत ठेवून सीआयपी चालवणं ही सर्रास दिसणारी चूक. सीआयपीचं द्रावण कचरा विरघळवेल ही आशा फोल आहे. बिया, रबराचे तुकडे, जळलेले पापुद्रे कॉस्टिकने विरघळत नाहीत, उलट तापून जाळीत घट्ट बसतात. आधी ट्यूब काढा, कचरा काढा, मोज्यासारखी जाळी ट्यूबवरून सरकवून दोन्ही वेगवेगळ्या धुवा (मळ खरा त्या दोहोंच्या मध्येच असतो), मग परत बसवून सीआयपी चालवा. आणि सीआयपी संपल्यावर पुन्हा एकदा उघडा. टाक्या-पाइपांतून सुटलेला सगळा गाळ त्या धुलाईत जाळीवरच येऊन बसलेला असतो.

तारेचा ब्रश, स्टीलवूल, जाळीला खेटून मारलेला प्रेशर जेट आणि ट्यूब फरशीवर आपटणं, हे चारही प्रकार बंद. साध्या स्टीलवूलचे कण स्टेनलेसमध्ये रुतून तिथेच गंजतात, आणि लोक म्हणतात ‘मटेरियल खोटं निघालं’. नायलॉनचा मऊ ब्रश वापरा, पाणी मालाच्या उलट दिशेने मारा. धुतलेली सुटी जाळी ओली असताना पिशवीत कोंबू नका, वाळवून टांगा.

उजेडासमोर धरा

स्वच्छ दिसणारी जाळी उजेडासमोर धरली की खरं कळतं. काळे डाग दिसले तर तिथली छिद्रं अजून बुजलेली आहेत, आणि एखादा ठिपका जास्तच उजळ असेल तर तिथली तार तुटली आहे. शिवण आणि दोन्ही टोकं बोटांनी चाचपून पाहा, हातमोजा अडकला की समजा. तुटलेली तार मेटल डिटेक्टर पकडेल असं अनेक जण गृहीत धरतात. बारीक स्टेनलेस तार ही डिटेक्टरसाठी सर्वात अवघड गोष्टींपैकी एक आहे, विशेषतः ती माल सरकण्याच्या दिशेला समांतर पडली तर.

जाळी फाटलेली सापडली तर मागच्या धड तपासणीपासूनचा सगळा माल रोखावा लागतो. म्हणून तपासणी किती तासांनी करायची हे ठरवताना किती माल रोखून ठेवणं तुम्हाला परवडेल, ते आधी मोजा. आठवड्यातून एकदा तपासणी म्हणजे आठवड्याचा माल पणाला. प्रत्येक ट्यूबवर नंबर कोरा, फाटलेली जाळी सोल्डरने किंवा एपॉक्सीने बुजवू नका, सरळ बदला.

आणि आता कचऱ्याबद्दल

एका प्लांटमध्ये एका पाळीत तीन-तीनदा जाळी चोक व्हायची. उपाय म्हणून तिथे मोठ्या छिद्रांची जाळी बसवली. रोग रेड्याला, औषध पखालीला! मी ट्यूब धुण्याआधी पांढऱ्या ट्रेवर झटकली, काही दिसलं नाही. काळ्या ट्रेवर झटकली तेव्हा पांढऱ्या प्लास्टिकचे बारीक कुरळे तुकडे दिसले. टाकीच्या ॲजिटेटरचं (ढवळणीचं) खालचं प्लास्टिकचं बुशिंग, म्हणजे दांड्याला आधार देणारी रिंग, झिजत होतं, आणि माल पांढरा असल्यामुळे ते कोणाच्याच लक्षात येत नव्हतं. मोठी जाळी बसल्यापासून ते तुकडे पुढे जात होते.

तेव्हापासून मी दोन ट्रे ठेवतो, एक काळा, एक पांढरा. काळे रबरी तुकडे आले तर गॅस्केट आणि पंपाचे सील बघतो. चमकणारे बारीक कण आले तर पंपाचे रोटर एकमेकांना किंवा केसिंगला घासताहेत. तपकिरी पापुद्रे हीट एक्स्चेंजरमधून सुटतात, म्हणजे तिथली सीआयपी अपुरी पडतेय. दोरे आणि केस बहुधा कच्च्या मालाच्या गोण्यांतून किंवा साफसफाईच्या ब्रशमधून येतात. नव्या लाइनवर पहिल्या दिवसांत वेल्डिंगचे खडे निघतात, ते थांबले की समाधान मानावं. थांबल्यावर महिन्याने परत सुरू झाले तर कोणीतरी न सांगता पाइप कापला आहे, हे नक्की.

कचरा वाळवून छोट्या पारदर्शक पिशवीत घालतो, तारीख, पाळी आणि ट्यूब नंबर लिहितो आणि स्ट्रेनरच्या वहीला टाचतो. वही जाडजूड होते, दिसायला गबाळी दिसते, पण पुढच्या वेळी जाळी चोक झाली की मी आधी तीच उघडतो.