ड्रिफ्टच्या (मुद्दाम घसरवत वळवायच्या) गाडीच्या पुढच्या चाकांचं अलाइनमेंट: टो शेवटीच

रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत टाय रॉडचं (चाक वळवणारा दांडा, टो यावरच बदलतो) लॉक नट गंजून घट्ट बसतं. म्हणून आदल्या रात्रीच त्यावर गंज सोडवणारं तेल मारा, आटे तारेच्या ब्रशने साफ करा. सुकं नट जोर लावून फिरवलंत तर कडा झिजतात, मग पान्याला पकडच मिळत नाही.

जांभ्याच्या अंगणात मापं घेऊ नका. सपाट कोबा शोधा, चालकाच्या वजनाइतकी पोती सीटवर ठेवा. आधी कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा मागचा कल), मग कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल; वरून आत असेल तर उणे) आणि शेवटी टो (वरून बघता चाकांची तोंडं आत की बाहेर). पहिले दोन हलले की टो बदलतोच.

कॅस्टर ६ ते ७ अंश ठेवला की गाडी घसरताना स्टिअरिंग आपसूक उलट्या बाजूला फिरतं. पण त्याच कॅस्टरमुळे उलट्या स्टिअरिंगवर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं, भार घेणारं पुढचं चाक वरून बाहेर कलतं. ते भरून काढायला उणे ३ ते ४ अंश कॅम्बर लागतो. माझ्या मते सुरुवातीला ३ पुरे.

टोसाठी दोरी ताणून रिमच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर मोजा. शून्य किंवा एकूण २-३ मिमी टो आऊट, म्हणजे तोंडं किंचित बाहेर. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं बसेल. जॅकवरून उतरवल्यावर गाडी दोन-चार मीटर ढकला आणि पुन्हा मोजा. तोवर सस्पेन्शन बसलेलं नसतं.

फुल लॉकवर, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून, टायर, ब्रेकची नळी कुठे घासतेय का, तेही हात घालून बघा. चाचणी मात्र परवानगीच्या बंदिस्त मैदानावरच, घाटात किंवा पुळणीवर नाही.