टर्मिनलवर रंगीत घड्याळ लावताय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागला इंजिनिअरिंगच्या पोरांच्या रूमवर गेलात तर कुणाच्या ना कुणाच्या लॅपटॉपवर टर्मिनलमध्ये ते मोठ्ठं हिरवं घड्याळ चालू असतंच, टीटीवाय-क्लॉक. उबुंटूवर एका ॲप्ट इन्स्टॉलमध्ये येतं. मग दोन दिवसांनी तक्रार, टाइम चुकतोय, रंग येईना. खरं सांगायचं तर घड्याळ बिचारं सिस्टीम जे सांगेल तेच दाखवतं, म्हणून आधी सिस्टीम तपासा.

सगळ्यात मोठा घोळ टाइमझोनचा. क्लाउडवरच्या सर्व्हरला बहुतेक वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असतं, म्हणजे आपल्याकडं सकाळचे दहा वाजले तरी तिथं साडेचार. मग पोरं टीझेड या टाइमझोनच्या व्हेरिएबलमध्ये नुसतं आयएसटी (भारतीय वेळ) टाकतात, एरर काही येत नाही, डेट कमांड पुढं आयएसटी असं छापते पण, आणि टाइम मात्र यूटीसीचाच! हे फार वाईट, कारण लेबल बघून माणूस विश्वास ठेवतो. कोण आयएसटी प्लस ५:३० लिहितं, पण पॉसिक्स या युनिक्स-लिनक्सच्या मानकाच्या नियमात चिन्ह उलटं चालतं, पूर्वेला मायनस, त्यामुळं घड्याळ तब्बल ११ तास मागं जातं. सरळ टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन वापरा आणि एशिया स्लॅश कोलकाता द्या, ए आणि के कॅपिटल. मुंबई किंवा पुणे शोधत बसू नका, अख्ख्या भारताला हाच एक झोन आहे.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर असतील तर साडेपाच तासांचा फरक वेगळ्या कारणानं पडतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज लोकल टाइम ठेवतं, लिनक्स तोच यूटीसी समजतं. आणि जुन्या पीसीवर लाइट जाऊन आली की तारीखच कुठल्या कुठं जात असेल तर आतला सेल संपलाय. बहुतेक मशीनला सीआर २०३२ लागतो, बदलून टाका.

डेट कमांडवर स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनो, पर्सेंट कॅपिटल एम म्हणजे मिनिटं, स्मॉल एम म्हणजे महिना. स्मॉल टाकलं की ऑगस्टभर मिनिटांच्या जागी ०८ च, दुपारी पण आणि रात्री पण. आणि दर सेकंदाला क्लिअर मारू नका, स्क्रीन लुकलुकते. टीपुट कमांडनं कर्सर वरच्या कोपऱ्यात न्या आणि तिथंच परत छापा.

रंगाचं सोपंय. टीटीवाय-क्लॉकमध्ये मायनस स्मॉल सी मधोमध आणतं, कॅपिटल सी रंग देतं, ० ते ७. ० म्हणजे काळा, काळ्या टर्मिनलवर काय दिसणार? टीमक्समध्ये, म्हणजे एका टर्मिनलचे अनेक भाग करणाऱ्या प्रोग्राममध्ये, रंग फिके पडले तर टीपुट कलर्स चालवून बघा, ८ आलं तर टीमक्सच्या कॉन्फिगमध्ये डिफॉल्ट-टर्मिनलला टीमक्स-२५६कलर द्या. बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलीत, टर्मिनलचा प्रकार सांगणारं टर्म व्हेरिएबल हातानं कोंबायची सवय मात्र सोडा, एका ठिकाणी जमतं आणि दुसरीकडं बिघडतं.

घड्याळ क्यू दाबूनच बंद करा. किल मायनस ९ मारून जबरदस्तीनं बंद केलं की त्याला आवरायला वेळच मिळत नाही आणि मग कर्सर गायब, टाइप केलेलं दिसत नाही. घाबरू नका, न दिसता रिसेट टाइप करून एंटर दाबा, टर्मिनल जाग्यावर येतं.

आणि कृपा करून सर्व्हरच्या बॅशआरसीत घड्याळ टाकू नका. एससीपी कमांडनं सर्व्हरवर फाइल पाठवताना तीच बॅशआरसी वाचली जाते आणि तिथनं काहीही छापलं गेलं तर ट्रान्सफर अडकतं. घड्याळासाठी टीमक्सचा एक छोटा पेन, म्हणजे स्क्रीनचा तुकडा, वेगळा ठेवा.