ऋण संख्यांची पदावली: आधी चिन्हं, मग आकडेमोड

७ − (−३) + (−५) − ४ अशी पदावली दिसली की लगेच आकडेमोड सुरू करू नका. आधी फक्त कंस काढून ओळ पुन्हा लिहा. कंसाबाहेर वजा आणि आतही वजा असेल तर अधिक. एक अधिक, एक वजा असेल तर वजा. म्हणजे ७ + ३ − ५ − ४. आता धन संख्यांची बेरीज १०, वजा होणाऱ्यांची ९, उत्तर १. ही एक जादा ओळ लिहायचा कंटाळा खरंच करू नका.

‘कंचेभागुबेव’ (कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ असणाऱ्यांनी इथे जपावं. त्यात ‘बे’ म्हणजे बेरीज ‘व’च्या आधी येते, म्हणून १० − ४ + ३ मध्ये मुलं आधी ४ + ३ करतात आणि उत्तर ३ काढतात. बरोबर उत्तर ९. वजा चिन्ह फक्त ४ चं आहे, ३ चं नाही. प्रत्येक संख्या तिच्या डावीकडचं चिन्ह सोबत घेऊनच हलते. बेरीज-वजाबाकी एकाच पातळीवरच्या. डावीकडून उजवीकडे करत जा.

वर्ग आला तर कंस नीट बघा: (−३)² म्हणजे ९, पण −३² म्हणजे −९, कारण तिथे वर्ग फक्त ३ चा आहे.