कर्मचाऱ्यांच्या फाइली: या चुका टाळा

कपाटं मे महिन्यातच आवरून घ्या, हे सांगून घसा बसला. तरी मृग लागला की फोन येतोच, "फाइलींना बुरशी धरलीय, काय करू?"

पण बुरशीपेक्षा मला राग येतो मूळ कागद ठेवून घेण्याचा. "राहू दे, इथे सांभाळून राहील" म्हणत दहावीचं सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला थेट फाइलला लावून टाकतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा ओळखीच्या एका ऑफिसचं तळमजल्यावरचं कपाट पुरतं बुडालं. पाणी ओसरल्यावर फाइली विटांसारख्या बाहेर निघाल्या. झेरॉक्सची अक्षरं बऱ्यापैकी टिकली होती, शाईच्या सह्या मात्र धुऊन गेल्या. मूळ दाखल्यांचा चिखल झाला, आणि डुप्लिकेटसाठी शाळेत नि बोर्डात खेटे घातले ते कामगारांनी, स्वतःच्या रजा घालवून. मी मूळ कागद समोर बघते, झेरॉक्सवर 'मूळ पाहिले, परत दिले' लिहून तारीख घालते, कामगाराची नि माझी, दोघांच्या सह्या घालते. दोन मिनिटांचं काम आहे, पण नव्या पोरांना तेवढाही धीर नसतो.

दुसरा घोळ नावांचा. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर कधी कधी पहिलं नावही बदलतं. दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. मासळीच्या किंवा आंबा कॅनिंगच्या कारखान्यात बायका भरती होतात तेव्हा हे हमखास. "नंतर बघू" म्हणायचं, आणि पीएफचा क्लेम परत आला की त्या बाईवरच खेकसायचं! कामावर घेतानाच तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. फरक दिसला तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदल छापलेल्या राजपत्राची प्रत तेव्हाच मागा. माझ्या फाइलीत पहिल्या पानावर सगळी नावं असतात.

लग्न झालं की पीएफचं नॉमिनेशन, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाला द्यायचे ते, नव्याने भरून घ्या, आधीचं बाद होतं.

टाचण्या नकोत. खाऱ्या हवेत गंजतात नि कागद खातात. प्लॅस्टिकच्या टोकाचा टॅग लावा.

कपाट भिंतीला टेकवू नका, वाळवी भिंतीवरूनच चढते. डांबराच्या गोळ्यांनी वाळवी जात नाही.

आजारपणाचे कागद वेगळ्या बंद पाकिटात.

आणि मोबाइलवर फोटो काढून "स्कॅन केलं" म्हणणारे! आधारचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकणाऱ्याला मी कपाटाची किल्ली देत नाही.