वाईन क्लबचं फॉर्मल डिनर ठेवताय? आधी बाटल्या ठरवा, मेन्यू नंतर

डिनर म्हटलं की पहिला फोन शेफला जातो आणि तिथेच गाडी चुकते. शेफ उत्साहाने सात पदार्थांचा मेन्यू पाठवतो, प्रत्येकात तीन सॉस, वर कुरकुरीत काहीतरी, बाजूला लोणचं घातलेलं काहीतरी, आणि मग आपण डोकं खाजवत बसतो की आता यांच्याबरोबर वाईन कुठली. रेस्टॉरंटमध्ये हे ठीक आहे, तिथे लोक जेवायला आलेले असतात. क्लबच्या डिनरला लोक वाईनसाठी आलेत, त्यातल्या काही बाटल्या कुणीतरी वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या असतात, त्यामुळे आधी बाटल्या फायनल करा, त्या कुठल्या क्रमाने येणार ते लिहा आणि तो कागद शेफच्या हातात द्या. वाईन जेवढी भारी, ताट तेवढं साधं, हे एक वाक्य त्याच कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहा म्हणजे पुढचे वाद वाचतील.

वाईन निवडताना काहीतरी धागा हवा. एकाच वाईनरीची एकच वाईन वेगवेगळ्या वर्षांची घेतली तर ते व्हर्टिकल, एकाच वर्षाच्या वेगवेगळ्या उत्पादकांच्या घेतल्या तर हॉरिझॉन्टल. ऐकायला व्हर्टिकल फार भारी वाटतं पण फूड पेअरिंगच्या, म्हणजे प्रत्येक पदार्थाशी वाईन जुळवायच्या, डिनरला ते जरा कंटाळवाणं होतं असं माझं मत, कारण एकाच जातीच्या वाईनबरोबर पाच वेगळे कोर्स बसवताना जीव जातो. त्यापेक्षा एखादा प्रदेश घ्या किंवा सरळ क्लासिक प्रवास ठेवा, शँपेनपासून सुरू, हलकी व्हाईट, जड व्हाईट, हलकी रेड, जड रेड, शेवटी गोड.

सहा वाईनच्या वर जाऊ नका. हिशोब सोपा आहे, बाटली 750 मिलीची, प्रत्येकाला 75 मिली ओतली तर दहा ग्लास निघतात. वीस माणसं असतील तर प्रत्येक वाईनच्या दोन बाटल्या, आणि माणशी एकूण 450 मिली म्हणजे अर्ध्या बाटलीपेक्षा जास्तच झाली. जुन्या रेडमध्ये तळाला गाळ असतो, तिथे बाटलीमागे नऊच ग्लास धरा. शिवाय जमेल तिथे प्रत्येक वाईनची एक बाटली जास्तीची ठेवा, कारण बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाने वाईन खराब झालेली निघू शकते, ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद तळघरासारखा कुबट वास येतो आणि त्यावर उपाय काहीही नाही, ती बाटली बाजूलाच ठेवायची.

आता पेअरिंग. यावर लोक तासन् तास भांडतात पण कामाचे मुद्दे मोजकेच. पदार्थ आंबट असेल तर वाईनमध्येही तेवढा किंवा जास्त आंबटपणा हवा, नाहीतर वाईन पाणचट लागते. पदार्थ गोड असेल तर वाईन त्याहून गोड हवी. रेडमधला टॅनिनचा तुरटपणा प्रथिनं आणि मीठ मऊ करतात, म्हणून मटणाबरोबर बोर्दो (फ्रान्सच्या बोर्दो भागातली जड, तुरट रेड) इतकी छान बसते. तिखटाने अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही अंगावर येतात, त्यामुळे जपलेली जुनी रेड असेल त्या कोर्सला मिरची नकोच. आणि तेलकट मासा व रेड एकत्र आले की तोंडात धातूसारखी, उग्र माशाची चव राहते, ती का येते हे जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, वाईनमधलं लोह त्याला कारणीभूत असतं. म्हणजे रेडबरोबर मासा कधीच नाही असं नव्हे, कमी लोहाची, कमी तुरट पिनो न्वार (या द्राक्षाची हलकी रेड) सामन माशाबरोबर मस्त चालते.

पण खरी गोम सॉसमध्ये आहे. चिकन हे उत्तरच नाही, चिकन कशात हा प्रश्न आहे. बटर-क्रीममध्ये असेल तर ओकच्या पिंपात मुरलेली शार्दोने ही व्हाईट, मशरूम आणि रेड वाईनच्या सॉसमध्ये असेल तर पिनो न्वार. व्हिनेगर घातलेलं ड्रेसिंग, आर्टिचोक, शतावरी (अ‍ॅस्परॅगस हो), अर्धवट कच्चं अंडं, या गोष्टी शेफच्या यादीतून प्रेमाने काढून टाका. आर्टिचोकमधल्या सायनॅरिनमुळे त्याच्यानंतर पाणीसुद्धा गोडसर लागतं, तिथे बिचाऱ्या वाईनचं काय होणार.

साधारण असा मेन्यू मी सुचवेन: शँपेनबरोबर खारट, तळलेलं काहीतरी छोटं. मग शॅब्ली (फ्रान्समधल्या शॅब्लीची आंबटसर, हलकी व्हाईट) आणि ऑयस्टर, गंमत म्हणजे शॅब्लीची जमीन किमेरिजियन नावाच्या जुन्या चुनखडी थराची, तिच्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या छोट्या ऑयस्टरचे जीवाश्म सापडतात, टेबलावर सांगायला छान गोष्ट आहे पण चव त्यामुळेच जुळते असं छातीठोक सांगू नका, जुळते ती आंबटपणा आणि मिठामुळे. पुढे जड व्हाईट बरगंडी (फ्रान्सच्या बरगंडी भागातली शार्दोने) आणि बटरमधला लॉबस्टर किंवा पांढरा मासा. मग रेड बरगंडी, म्हणजे तिथली पिनो न्वार, आणि बदक. मग जुनी बोर्दो आणि साधं भाजलेलं कोकरू, फक्त त्याचाच रस, बाकी काही नाही. शेवटी सोतर्न ही गोड व्हाईट आणि रोकफोर्ट हे खारट निळं चीज, गोड विरुद्ध खारट, ही जोडी ज्याने पहिल्यांदा जुळवली त्याला दंडवत. शाकाहारी पाहुण्यांना "तुमच्यासाठी सॅलड" असं करू नका, त्यांचा पदार्थही त्याच वाईनसाठी बनवा, बदकाच्या जागी मशरूम, कोकऱ्याच्या जागी भाजलेलं वांगं आणि मसूर, वाईन तीच राहते.

चीजबद्दल एक भांडण ओढवून घेतो. सगळ्यांना वाटतं चीज म्हणजे रेड, पण मऊ, क्रीमी चीज जुन्या रेडचा पार चुथडा करतं, बहुतेक चीज व्हाईटबरोबर जास्त खुलतात, बकरीच्या दुधाचं चीज आणि सांसेर ही फ्रेंच व्हाईट एकत्र घेऊन बघा आणि मग बोला. पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाईन) ठेवणार असाल तर स्टिल्टन हे इंग्लिश निळं चीज. चॉकलेट डेझर्ट असेल तर सोतर्न नको, तिथेही पोर्टच.

डिनरच्या दोन-तीन आठवडे आधी ट्रायल करा, ही पायरी टाळायची नाही. शेफबरोबर बसा, स्वस्तातली पण त्याच द्राक्षाची, त्याच धाटणीची वाईन चालेल. आधी वाईनचा घोट, मग घास, मग परत घोट, आणि लक्ष सगळं दुसऱ्या घोटाकडे. दुसरा घोट पहिल्यापेक्षा कडवट किंवा पोकळ लागला तर पदार्थ बदला. बहुतेक वेळा पूर्ण बदलावा लागतही नाही, कोकऱ्याचा एक तुकडा तसाच खा, दुसऱ्यावर चिमूटभर मीठ टाकून खा, तीच रेड अचानक गोलाईदार लागते. सॉसमध्ये साखर किंवा मध असेल तर आधी तो काढायला लावा, तुरट रेड त्याने आणखी रूक्ष होते.

तापमानावर डिनर तरतं किंवा बुडतं. शँपेन 8 ते 10 अंश, हलकी व्हाईट तेवढीच, जड व्हाईट 11 ते 13, पिनो न्वार 14 ते 16, बोर्दो 16 ते 18, सोतर्न 10 च्या आसपास. घरचा फ्रिज 4-5 अंशावर असतो म्हणजे भारी व्हाईट तिथून थेट ओतली तर वासच येणार नाही, अर्धा तास आधी बाहेर काढा. उलट रेड गरम खोलीत पडून असेल तर तिला वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये घाला, कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ अर्धं पाणी, नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार होते.

जुन्या रेडच्या बाटल्या दोन दिवस आधी उभ्या करून ठेवा, गाळ खाली बसतो. बूच जुनं झालेलं असतं, साध्या कॉर्कस्क्रूने भुगा होतो, दोन पात्यांचा ओपनर वापरा. डिकँट करताना, म्हणजे गाळ मागे ठेवून वाईन दुसऱ्या भांड्यात ओतताना, बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरा, एका दमात हळूहळू ओता, मध्ये थांबून बाटली सरळ केली की गाळ परत ढवळतो, आणि काळी रेघ मानेत सरकताना दिसली की थांबा, उरलेलं ते स्वयंपाकाला. तरुण बारोलोला (इटलीतली तुरट रेड) दोन-तीन तास हवा लागू द्या, पण तीस-चाळीस वर्षांची वाईन असेल तर वाढायच्या जरा आधीच उघडा, ती ग्लासमध्येच उमलते आणि लवकर विझतेही. प्रत्येक बाटली वेगळी चाखायची, एकच वाईन दोन बाटल्यांत वेगळी निघू शकते, चाखल्याशिवाय एका डिकँटरमध्ये मिसळू नका.

ग्लास वीस गुणिले सहा, एकशेवीस, हे ऐकून हॉलवाला चक्रावतो म्हणून लेखी घ्या. आदल्या दिवशी ग्लासचा वास घेऊन बघा, साबणाचा किंवा कपाटाचा वास येत असेल तर सगळे गरम पाण्याने परत धुवून घ्या. पांढरा टेबलक्लॉथ, सुगंधी मेणबत्त्या बंद, लिली आणि निशिगंध बंद, निमंत्रणात परफ्यूम न लावण्याची विनंती. पाणी, साधा ब्रेड आणि थुंकायला भांडी, फॉर्मल डिनरलाही, लाजायचं काही नाही.

वाईन पदार्थाच्या पाच मिनिटं आधी ओतली जायला हवी, म्हणजे लोक ती आधी एकटी चाखतात. वाईनबद्दल बोलणाऱ्याला तीन मिनिटं, त्याच्यावर नाही, गरम ताटं येऊन थंड होत असताना मातीचे थर ऐकायला कुणालाच आवडत नाही. दोन कोर्समध्ये वीसेक मिनिटं ठेवा. गाडी कोण चालवणार हे निमंत्रणातच विचारून टाका आणि बाकीच्यांच्या टॅक्सीची सोय आधी करा, रात्री बारा वाजता नाही. उरलेल्या व्हाईट आणि सोतर्नला बूच लावून फ्रिजमध्ये टाका, सोतर्न चार-पाच दिवस आरामात टिकते, जुनी रेड मात्र उरली असेल तर त्याच रात्री किचनमधल्या लोकांना द्या, त्यांनी संध्याकाळभर नुसता वासच घेतलेला असतो.