लांबच्या राइडआधी पाठीची तयारी, आणि शॉकअपची ती खाच

डिसेंबर आला, बाइकवरून पुन्हा तोच रस्ता ठरलाय. पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, संकेश्वरला हायवे सोडून आजरा, आंबोली आणि सावंतवाडी. चारशेच्या आसपास किलोमीटर. गेल्या वर्षी याच रस्त्यावर निपाणीच्या पुढे माझी कंबर अशी धरली की उतरताना उजवा पाय सीटवरून पलीकडे नेता येईना. बायकोने आधी उतरून गाडी धरली, मी टाकीवर ओणवा झालो आणि हाताने पँट धरून पाय ओढून काढला. चार दिवसांच्या सुट्टीतले दोन दिवस जमिनीवर चटई टाकून आडवा होतो. हे सगळं निघण्याआधीच्या दहा मिनिटांत टळलं असतं. यंदा आमच्याबरोबर आणखी दोन जोड्या येणार आहेत, त्यांच्यासाठी आणि तुमच्यापैकी जे निघणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हेल्मेट, कागदपत्रं, पंक्चर किट तुम्ही घेणारच. त्यात वेळ घालवत नाही. सरळ मागच्या शॉकअपवर, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्यांवर येतो.

रोज ऑफिसला मी एकटा जातो, म्हणून माझ्या ३५० सीसीच्या गाडीचे दोन्ही शॉकअप सगळ्यात मऊ खाचेवर, म्हणजे स्प्रिंग सगळ्यात कमी आवळलेली, असे असतात. त्या दिवशी मागे बायको, दोन बाजूंना बॅगा आणि कॅरिअरवर एक सॅक. म्हणजे रोजच्यापेक्षा ऐंशीएक किलो जास्त, आणि खाच तीच. स्प्रिंग उभ्या उभ्याच निम्म्याहून जास्त दबलेली. मग खड्डा आला की दबायला जागाच उरत नाही, शॉकअप तळाला आपटतो आणि तो दणका सीटमधून थेट माकडहाडात. गुळगुळीत रस्त्यावर हे कळतही नाही. कराडपर्यंत मी मजेत होतो. पुढे हायवेचं काम, डायव्हर्जन, खडबडीत पट्टे सुरू झाले आणि रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर खालून ठोसा बसायला लागला. मला वाटलं, सीट खराब आहे. सीटचा काही दोष नव्हता.

शॉकअपच्या स्प्रिंगखाली, काही गाड्यांत वर, खाचांची एक रिंग असते. टूलकिटमधला हुकासारखा वाकडा पाना तिच्यात अडकवून रिंग फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी आवळली जाते. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे नीट समजून घ्या. वजन घेऊनही गाडी आपल्या उंचीवर उभी राहते, आणि खड्ड्यासाठी जागा शिल्लक राहते. गाडी थंड असताना करा, शेजारीच सायलेन्सर असतो. मधल्या स्टँडवर घ्या, रिंग सोपी फिरते. आणि दोन शॉकअप असतील तर दोन्ही बाजूंना खाच एकच हवी. डावी तिसरी, उजवी चौथी, असं चालणार नाही. पुन्हा मोजून बघा.

अंदाजाने सोडू नका, मापून घ्या. मधल्या स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना चाकाच्या आसापासून सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत सरळ वर मेजरिंग टेप लावा आणि आकडा लिहून ठेवा. मग गाडी स्टँडवरून काढा, बॅगा लावा, दोघं बसा आणि तिसऱ्या माणसाला तेच माप घ्यायला सांगा. फरक चाकाच्या एकूण चालीच्या, म्हणजे चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्याच्या, साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका यावा. माझ्या गाडीची चाल १२० मिलीमीटरच्या आसपास आहे. मऊ खाचेवर फरक आला ६५, शेवटच्या खाचेवर ४५. अजूनही थोडा जास्तच, म्हणून मी सॅकमधलं सामान कमी केलं. शेवटच्या खाचेवरही गाडी खूप बसत असेल तर एक तर वजन जास्त आहे नाही तर स्प्रिंग दमली आहे. गॅरेजला दाखवा. रात्री हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर पडत असेल, समोरचे सारखे डिपर मारत असतील, तर त्याचाही अर्थ मागची बाजू खाली बसली आहे हाच. मला खंबाटकीत पहाटे तीन गाड्यांनी डिपर मारला होता. तेव्हाच थांबायला हवं होतं.

हे आदल्या दिवशी करा, बॅगा बांधून. सकाळी घाईत करू म्हणाल तर राहणार. माझं तसंच राहिलं. पाना डिकीतच होता.

मागच्या टायरची हवाही दोघांसाठीच्या आकड्यावर घ्या. आकडा बहुतेक गाड्यांच्या चेनकव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर स्टिकरवर असतो.

आता शरीर. महिनाभर आधीपासून पोट आणि पाठीचे स्नायू थोडे तयार करा. रोज दहा मिनिटं प्लँक, सेतुबंधासन आणि मांडीच्या मागच्या शिरा ताणणं एवढं पुरे. गाडीवर बसल्यावर मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर ते ओटीपोट मागे ओढतात, कंबरेचा नैसर्गिक बाक जातो आणि आपण पोत्यासारखे बसतो. निघायच्या चार दिवस आधी व्यायामाला सुरुवात करू नका, उलट उसण भरेल. ज्यांना आधीच मणक्यातली चकती सरकल्याचं निदान झालंय त्यांनी माझं वाचून नाही, डॉक्टरांना विचारून ठरवायचं. पायात गुडघ्याखाली कळ जात असेल किंवा मुंग्या येत असतील तर जाऊच नका. आणि बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी, तासाभरात, हॉस्पिटल. याबाबत मी थांबून विचार करायला सांगणार नाही.

पाठीवर सॅक लावायची नाही. सात किलोची सॅक खांद्यावर आठ तास म्हणजे मान आणि कंबर दोन्ही कामाला लागतात. वजन गाडीला बांधा, जड वस्तू खाली आणि मागच्या आसाच्या पुढे. मागच्या खिशातलं पाकीट काढा, त्याच्यामुळे तासन्‌तास एका कुल्ल्यावर बसणं होतं. कंबरपट्टा वापरत असाल तर सैल बांधा, आणि त्याच्या भरवशावर शॉकअप विसरू नका. शॉकअप पाहिलात ना? मी पुन्हा विचारतोय, कारण हे वाचूनही अर्धे लोक हवा भरून निघतील.

सकाळी उठल्या उठल्या बॅगा उचलायला वाकू नका. रात्रभर आडवं राहून मणक्यांमधल्या चकत्या पाणी ओढून फुगलेल्या असतात, आणि पहिल्या तासात वाकून वजन उचललं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. म्हणूनही बॅगा रात्रीच बांधा. थोडं चाला, चहा घ्या, मग निघा.

रस्त्यावर दर तासाला उतरा. दुखायला लागल्यावर थांबू म्हणालात तर उशीर झालेला असतो. मोबाइलवर पन्नास मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की पुढची टपरी, पुढचा पंप, जे येईल ते. खाली उतरून पाच मिनिटं चाला, हात कमरेवर ठेवून मागे वाका. पुढे वाकू नका, तुम्ही तासभर पुढेच वाकलेले होतात. मागे बसणाऱ्यालाही उतरवा. तिची पाठ तुमच्यापेक्षा जास्त हादरते, कारण ती मागच्या चाकाच्या जवळ बसलेली असते आणि खड्डा तिला दिसत नाही. बायकोने मला नंतर सांगितलं की तिचंही दुखत होतं, पण मी आपणहून थांबेन या आशेने ती गप्प राहिली. तेव्हा विचारत राहा. खड्डा दिसला की आवाज द्या, गुडघ्यांनी टाकी धरा आणि फूटरेस्टवर थोडं वजन देऊन कुल्ले सीटवरून उचला. हाताने लोंबकळू नका. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला ४ ते ६ वेळा बसणारे हेलकावे सगळ्यात जास्त बाधतात, कारण त्या गतीला धड आपोआप डोलायला लागतं. फूटरेस्टवर उचलून धरलेलं शरीर ते पायांतच जिरवतं.

दर थांब्याला पाणी प्या. वेदनाशामक गोळी घेऊन पुढे रेटू नका. स्नायू सैल करणाऱ्या कित्येक गोळ्यांनी झोप येते. घाम येऊन शर्ट ओला झाला तर आंबोलीच्या गारव्याआधी बदला.

पोहोचल्यावर लगेच बॅगा काढायच्या नाहीत. तासन्‌तास बसून कमरेचे बंध सैल झालेले असतात. दहा मिनिटं फिरा, मग उचला. गरम पाणी, जेवण, झोप.

परतीला तेच सगळं. काजू, कोकम, खाजं वाढलेलं असेल तर खाच पुन्हा बघा. आणि घरी पोहोचल्यावर, सोमवारी एकट्याने ऑफिसला निघण्याआधी, दोन्ही बाजूंची खाच परत खाली आणा. एकट्याच्या वजनाला आवळलेली स्प्रिंगही पाठीला दणके देते.